संगीताचे मूलभूत घटक आणि स्वरसंवादाची ओळख

सत्संगात भजन सुरू झाले की धृवपद सगळे गातात. अंतरा वर चढू लागला की मागच्या दोन-तीन रांगा हळूहळू गप्प होतात. कुणी नुसत्या टाळ्या वाजवतो, कुणी खाली उतरून स्वतःपुरते गुणगुणतो. "आपल्याला गाता येत नाही" अशी त्यांची समजूत होते आणि पुढच्या वेळी ते पहिल्या ओळीपासूनच ओठ मिटून बसतात. बहुतेक वेळा त्यांच्या गळ्यात काहीही दोष नसतो. पेटीवाल्याने धरलेला सा त्यांना सोयीचा नसतो, एवढेच.

दुसरीही एक गोष्ट अलीकडे अनेक ठिकाणी दिसते. पेटी-तबल्याच्या शेजारी कीबोर्ड आणि गिटार आले आहेत आणि त्यांच्याबरोबर कॉर्ड आल्या आहेत. ज्येष्ठांना त्या खटकतात, तर तरुणांना त्यांच्यावाचून भजन सुने सुने वाटते. दोघांच्याही कानांना काहीतरी खरे जाणवलेले असते, पण नेमके काय ते शब्दांत सांगता येत नाही, म्हणून चर्चा आवडीनिवडीवर येऊन थांबते.

हे दोन्ही प्रश्न संगीताच्या मूळ घटकांकडे नेणारे आहेत. या पाठात आपण ते घटक समजून घेऊ आणि मग पाश्चात्त्य संगीतात ज्याला हार्मनी म्हणतात त्याची ओळख करून घेऊ. ज्यांनी कधी सरगमही म्हटलेली नाही, त्यांनीही हा पाठ जरूर वाचावा.

नाद आणि स्वर

कोणतीही वस्तू कंप पावली की ध्वनी निर्माण होतो. तो कंप नियमित असेल तर कानाला गोड लागतो. त्याला नाद म्हणतात. आघातातून निघणारा तो आहत नाद. योगशास्त्रात सांगितलेला अनाहत नाद हा ध्यानाचा विषय आहे, गायनाचा नाही, म्हणून त्याचा विचार येथे करत नाही.

नादाचे तीन गुण आहेत. पहिला उच्चनीचपणा, म्हणजे आवाज किती वरचा किंवा खालचा आहे. तो दर सेकंदाला होणाऱ्या आंदोलनांच्या संख्येवर ठरतो. दुसरा लहानमोठेपणा, जो आघाताच्या जोरावर ठरतो. तिसरा जाती. बासरी आणि सनई एकच स्वर वाजवत असल्या तरी डोळे मिटून आपण त्या वेगळ्या ओळखतो, तो या गुणामुळे. सामूहिक गायनात पहिल्या दोन गुणांची नेहमी गल्लत होते. "जरा वर गा" असे म्हटले की निम्मे लोक पट्टी वाढवतात आणि निम्मे नुसते मोठ्याने गातात. सूचना देणाऱ्याने शब्द जपून वापरावेत.

आपले सात स्वर षड्ज, ऋषभ, गांधार, मध्यम, पंचम, धैवत, निषाद. यांतील सा आणि प अचल आहेत. रे, ग, ध, नि यांची कोमल रूपे होतात आणि म तीव्र होतो. असे एकूण १२ स्वर. सा हा कोणत्याही ठरावीक उंचीचा स्वर नाही, आपण जिथे धरू तिथे सा. मात्र एकदा धरला की बाकीच्या सर्व स्वरांची जागा त्याच्या नात्याने ठरते. हे नाते आकड्यांत पाहणे फार रंजक आहे. समजा सा २४० आंदोलनांचा धरला, तर तार सा येतो ४८०, म्हणजे बरोबर दुप्पट. पंचम येतो ३६०, म्हणजे दीडपट. मध्यम ३२०, शुद्ध गांधार ३००. गुणोत्तरे पाहा: २:१, ३:२, ४:३, ५:४. एवढे साधे आकडे! कानाला जे गोड लागते, ते असे लहान आकड्यांत बसते.

लय आणि ताल

लय म्हणजे दोन आघातांमधील समान अंतर. ती विलंबित, मध्य किंवा द्रुत असते. लयीच्या आवर्तनाला ठरावीक मात्रांत बांधले की ताल होतो. भजनांत बहुधा ८ मात्रांचा केरवा किंवा भजनी ठेका आणि ६ मात्रांचा दादरा येतो. ताल शिकण्यासाठी वेगळा पाठ हवा. येथे एकच गोष्ट लक्षात ठेवा. आवर्तन फिरून समेवर येते तेव्हा मनाला पोहोचल्याचे समाधान मिळते. ताण निर्माण होतो आणि मिटतो. पुढे कॉर्डबद्दल वाचताना हा अनुभव उपयोगी पडेल.

चाल आणि स्वरसंवाद

एका स्वरानंतर दुसरा, मग तिसरा, असा स्वरांचा प्रवास म्हणजे चाल किंवा धून. हा आडवा प्रवास आहे, ओळीत लिहिलेल्या अक्षरांसारखा. एकाच क्षणी दोन, तीन किंवा चार स्वर एकमेकांवर उभे राहिले तर ती हार्मनी. भारतीय रागसंगीताने पहिल्या दिशेने हजारो बारकावे शोधले, तर युरोपीय संगीताने दुसऱ्या दिशेने.

या पाठासाठी हार्मनीला मराठी शब्द ठरवण्यात बराच वेळ गेला. 'स्वरमेळ' हा शब्द प्रचारात आहे, पण कर्नाटक संगीतात मेळ म्हणजे रागांच्या वर्गीकरणाची चौकट, त्यामुळे दक्षिणेत राहणाऱ्या आपल्या वाचकांचा गोंधळ झाला असता. म्हणून 'स्वरसंवाद' घेतला. या शब्दाला आधारही मोठा आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात स्वरांची चार नाती सांगितली आहेत: वादी, संवादी, अनुवादी आणि विवादी. ज्या दोन स्वरांत ९ किंवा १३ श्रुतींचे अंतर असते ते परस्परांचे संवादी. षड्जग्रामात सा पासून म पर्यंत ९ श्रुती होतात आणि सा पासून प पर्यंत १३. दोन्हींची बेरीज २२, म्हणजे पूर्ण सप्तक. भरतमुनी हे चालीतल्या स्वरांच्या नात्याबद्दल सांगत आहेत, एकदम वाजणाऱ्या स्वरांबद्दल नव्हे, हा फरक विसरू नये. परंतु सा-प आणि सा-म यांच्यात काही विशेष जवळीक आहे, हे कानाने तेव्हाच ओळखले होते.

एका तारेत दडलेले तीन स्वर

आता या पाठातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येऊ. शक्य असेल तर जवळ तंबोरा ठेवा. नसेल तर मोबाईलवरचा तंबोराही चालेल, पण चांगल्या इअरफोनवर ऐका.

तंबोऱ्याची पहिली तार बहुधा मंद्र पंचमात असते, मधल्या दोन जोडीच्या तारा षड्जात आणि शेवटची खर्जाची मंद्र षड्जात. खर्जाची तार सावकाश छेडा आणि लगेच दुसरी छेडू नका. सुरुवातीला फक्त सा ऐकू येईल. मग त्याच्या वर पंचम तरंगताना जाणवेल. आणखी लक्ष दिले तर कुणीही न लावलेला गांधार ऐकू येईल. यालाच आपले गवई स्वयंभू गांधार म्हणतात.

हा चमत्कार नाही. ताणलेली तार एकाच वेळी पूर्ण लांबीने कंप पावते आणि त्याचबरोबर निम्म्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या भागांतही कंप पावते. खर्जाची तार १२० आंदोलनांची असेल तर तिच्यातूनच २४०, ३६०, ४८०, ६०० आणि ७२० असे नाद निघतात. वरच्या हिशेबाने त्यांना नावे द्या: सा, प, तार सा, तार गांधार, तार पंचम. घोडीवरची जवारी आणि तारेखाली सरकवलेला जीवा हे सूक्ष्म नाद फुलवून ऐकवतात. म्हणूनच मिरजेच्या कारागिरांकडे जवारी लावायला लांबलांबून तंबोरे येतात.

पाश्चात्त्य हार्मनीची मुख्य कॉर्ड कोणती? सा, ग आणि प एकत्र. म्हणजे जी कॉर्ड परकी वाटते, ती आपल्या तंबोऱ्याच्या एका तारेत आधीपासून बसलेली आहे. सा-ग-प ४:५:६ या प्रमाणात असतात आणि ४८०, ६००, ७२० हे तेच प्रमाण आहे. ज्यांना कॉर्ड हा शब्दच नकोसा वाटतो, त्यांनी एकदा शांतपणे खर्ज ऐकावा.

युरोपात हे कसे वाढले

९व्या शतकातील एका लॅटिन ग्रंथात चर्चमधील एकसुरी प्रार्थनेला दुसऱ्या आवाजाची जोड कशी द्यावी हे लिहिले आहे. दुसरा गट तीच चाल चौथ्या किंवा पाचव्या स्वरावरून समांतर गात असे. सा-म आणि सा-प, म्हणजे भरतमुनींचेच संवाद! गांधाराला कॉर्डमध्ये मानाची जागा मिळायला पुढे काही शतके लागली. नंतर सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास अशा चार आवाजांत गाण्याची पद्धत रूढ झाली. १७२२ मध्ये फ्रान्समध्ये ज्याँ-फिलिप रामो यांचा हार्मनीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि कॉर्डच्या अभ्यासाला शास्त्राचे रूप आले.

कॉर्ड बनवण्याचा नियम सोपा आहे. एक स्वर घ्या, मधला एक सोडून पुढचा घ्या, पुन्हा एक सोडून पुढचा. सा-ग-प, म-ध-सा, प-नि-रे. या तीन कॉर्डवर जगातील असंख्य गाणी उभी आहेत. सा ची कॉर्ड म्हणजे घर. प च्या कॉर्डमध्ये नि असतो आणि त्याला वरच्या सा ची ओढ असते, म्हणून ती वाजली की घरी परतावेसे वाटते. परतलो की समेवर आल्यासारखे वाटते. आपल्याकडे जे काम ताल आणि रागविस्तार करतात, ते तिकडे मोठ्या प्रमाणात कॉर्डच्या क्रमाने होते.

एकापेक्षा अधिक आवाजांत गाणे ही केवळ युरोपची मिरासदारी मात्र नाही. नागालँडमधील चाखेसांग लोक शेतात राबताना 'ली' नावाची गीते अनेक पदरी आवाजांत गातात. गोव्याचा मांडो दोन आवाजांत, घुमटाच्या आणि व्हायोलिनच्या साथीने गायला जातो. गोव्याच्याच सेबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या वादकांनी मुंबईत चित्रपटगीतांसाठी वाद्यवृंदाची रचना केली, त्यामुळे आपल्या सर्वांच्या कानांना नकळत हार्मनीची सवय झालेली आहे.

मग ज्येष्ठांना खटकते ते काय?

भूप घ्या. त्यात स्वर पाचच: सा, रे, ग, प, ध. म आणि नि वर्ज्य. आता कीबोर्डवर सवयीच्या तीन कॉर्ड वाजवून पाहा. सा-ग-प ठीक आहे, तिन्ही स्वर भूपातले आहेत. म-ध-सा वाजवताच मध्यम आला. प-नि-रे वाजवताच निषाद आला. गायक कटाक्षाने जे दोन स्वर टाळतो आहे, नेमके तेच दोन साथीदार मागून पुरवतो आहे! गायकाचा एकही स्वर चुकलेला नसताना भूप नाहीसा होतो. ज्येष्ठांचा कान याचीच तक्रार करत असतो.

उपाय आहे. ध-सा-ग ही कॉर्ड वाजवा. तिचे तिन्ही स्वर भूपात आहेत. सा-प एवढीच जोडी धरली तरी पुष्कळ. दुर्गा रागात (सा, रे, म, प, ध) गोष्ट उलटी होते. तेथे गांधार नसल्यामुळे घरची सा-ग-प कॉर्डच चालत नाही, पण म-ध-सा आणि रे-म-ध चालतात. नियम एवढाच की कॉर्ड वाजवण्याआधी तिचे तीन स्वर मोजायचे आणि तिन्ही रागात आहेत का ते पाहायचे. एवढे करूनही मींड आणि आंदोलित स्वरांवर कॉर्डचे ओझे पडतेच. माझे मत विचाराल तर रागात घट्ट बांधलेल्या भजनाला तंबोरा पुरेसा आहे. नामधून, संकीर्तन, मुलांची गीते यांना कॉर्ड शोभतात.

पेटीचा गांधार आणि चक्रवाढ व्याज

कॉर्डचा आणखी एक परिणाम आपल्या पेटीवर झाला आहे. युरोपीय संगीताला कोणत्याही पट्टीवर सा धरून कॉर्ड वाजवायच्या होत्या. शुद्ध गुणोत्तरांनी ते जमत नाही. दीडपट करत १२ वेळा पंचम चढलो तर आपण सुमारे १२९.७५ पटीवर पोहोचतो, आणि दुप्पट करत ७ सप्तके चढलो तर १२८ पटीवर. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळत नाहीत. म्हणून फरक सर्वांवर वाटून टाकला गेला आणि सप्तकाचे १२ समान भाग केले गेले.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे लगेच ओळखीचे वाटते, कारण हे सरळ चक्रवाढ व्याज आहे. दरसाल सुमारे ५.९४६ टक्के चक्रवाढीने ठेवलेली रक्कम १२ वर्षांत दुप्पट होते. पेटीची प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा तेवढ्याच टक्क्यांनी वर असते. २४० पासून मोजले तर सातव्या पायरीवर पंचम ३५९.६ येतो, जवळजवळ अचूक. चौथ्या पायरीवर गांधार ३०२.४ येतो. तंबोऱ्याच्या गांधाराचा हिशेब ३०० चा. दोन्ही एकदम वाजले तर सेकंदाला दोन-अडीच वेळा बारीक थरथर ऐकू येते.

याच समान पट्ट्यांमुळे आणि मींड निघत नसल्यामुळे १९४० मध्ये आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी घातली गेली आणि ती १९७१ पर्यंत राहिली. पेटी वाईट आहे असे येथे म्हणायचे नाही. सामूहिक भजनाला तिच्याइतकी सोपी, सर्वांना ऐकू जाणारी साथ दुसरी नाही. फक्त गांधार शिकताना तो पेटीवरून उचलू नका, तंबोऱ्यातून घ्या.

सर्वांना गाता येईल असा सा

आता मागच्या रांगेचा विचार. पुरुष सर्वसाधारणपणे काळी एकच्या आसपास मोकळे गातात, स्त्रिया काळी चारच्या आसपास. या दोन पट्ट्यांत अंतर किती? पुरुषाच्या सा पासून मोजले तर बरोबर पंचम. म्हणजे पुरुषाचा प हा स्त्रीचा सा होतो आणि स्त्रीचा म हा पुरुषाचा सा. पंडित जसराज यांनी याच नात्यावर जसरंगी जुगलबंदी रचली. तीत गायक आणि गायिका आपापल्या पट्टीत दोन वेगळे राग गातात, पण पेटीवरच्या पट्ट्या त्याच असतात. कलावतीचे स्वर सा, ग, प, ध, कोमल नि. त्यातील प ला सा माना आणि मोजा. सा, रे, कोमल ग, म, ध मिळतात, आणि हा झाला अभोगी. पेटीवर करून पाहा, पाचही पट्ट्या तंतोतंत जुळतील.

सत्संगात इतके करायची गरज नाही. तेथे स्त्रिया आणि पुरुष एका सप्तकाच्या अंतराने तीच चाल गातात, म्हणजे २:१ हा पहिला स्वरसंवाद आपण रोजच साधत असतो. अडचण पट्टी निवडण्यात होते. प्रमुख गायक स्वतःच्या सोयीने, तीही धृवपद गुणगुणून, पट्टी ठरवतो. त्याऐवजी भजनातील सर्वांत वरची आणि सर्वांत खालची जागा आधी शोधा. ती वरची जागा मागच्या रांगेतील दोन भगिनींकडून आणि दोन बंधूंकडून गाऊन घ्या. ताण पडत असेल तर एक-दोन पट्ट्या खाली या, मग खालची जागा पुन्हा तपासा. प्रत्येक भजनाचा सा वेगळा निघेल, आणि तसाच निघायला हवा. यात दोन मिनिटे जातात. पेटीवादकाला नव्या पट्टीचा सराव करावा लागेल, तो त्याने आनंदाने करावा.

गटाने करायचा अभ्यास

आठ-दहा जण गोल बसा. तंबोरा लावा, पेटी बंद ठेवा. सर्वांनी आकारात सा धरा आणि श्वास संपला की आपापल्या वेळी घ्या, म्हणजे स्वर तुटणार नाही. आवाज शेजाऱ्यापेक्षा लहान ठेवा. शेजारी ऐकू येत नसेल तर तुम्ही मोठ्याने गात आहात.

सा स्थिर झाला की निम्म्या जणांनी पंचमावर जावे. सुरुवातीला पंचमवाले घसरत सा कडे येतील, येऊ द्या, पुन्हा चढा. एका क्षणी दोन्ही स्वर एकमेकांत बसतील आणि मधली थरथर थांबेल. ती थांबलेली कानाला स्पष्ट कळते, कुणी सांगावे लागत नाही. हा अभ्यास किमान एक आठवडा करा आणि त्याआधी पुढे जाऊ नका.

त्यानंतर तीन गट करा. सा आणि प भक्कम झाल्यावर तिसऱ्या गटातील एकानेच प्रथम गांधार लावावा. ज्यांच्या कानात पेटी बसली आहे, त्यांचा गांधार किंचित वर लागेल. त्यांनी तो अगदी हलके खाली सोडत जावे. जागेवर आला की तिघांचा मिळून एकच भरीव नाद ऐकू येईल. मग गट बदला, म्हणजे प्रत्येकाला तिन्ही स्वर धरण्याची सवय होईल. नवखे साधक सा च्या गटापासून सुरुवात करतील. हे जमले की एखादी साधी नामधून घ्या. एका गटाने चाल गावी आणि बाकीच्यांनी खाली सा-प धरून ठेवावा.